पोर्टेबल हार्ड डिस्क आणि ग्राहकाचा अनुभव : एक चिकित्सा

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासकाने पोर्टेबल हार्ड डिस्कविषयी लिहावे, हे काहींना विषयांतर वाटण्याची शक्यता आहे. तथापि गेल्या दोन दशकांत महाविद्यालयीन प्राध्यापकाचे जवळजवळ सर्व लेखन, अध्यापनाची टिपणे, क्षेत्रभेटींचे ध्वनिमुद्रण, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालाची पुरावेपत्रे या तळहाताएवढ्या डबीत जाऊन बसली आहेत. पूर्वी ज्या कामासाठी विभागात लाकडी कपाट असे, त्या कामासाठी आज ही डबी आहे. त्यामुळे ती विकत घेणाऱ्याचा अनुभव हा केवळ बाजारहाटीचा विषय उरत नाही. ज्ञानाच्या जतनाशी त्याचा थेट संबंध येतो.

ग्राहक आपल्या खरेदीविषयी जे सांगतो वा लिहितो, तो आता एक रूढ गद्यप्रकार झाला आहे. त्याला स्वतःची ठरीव रचना आहे, ठरीव शब्दसंग्रह आहे आणि मूल्यमापनाचे ठरीव निकषही आहेत. पुढचा ग्राहक याच लेखनावर विसंबून निर्णय घेतो. म्हणूनच कोणत्याही समीक्षापर लेखनाला विचारावा तो प्रश्न येथेही विचारणे योग्य ठरेल : हे लेखन ज्या वस्तूचे मूल्यमापन करते, त्या वस्तूचे मर्म त्याला सापडले आहे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थितीच्या संदर्भात केला आहे.

१. ग्राहकाच्या तक्रारींचे स्वरूप

पोर्टेबल हार्ड डिस्कविषयीच्या अभिप्रायांत काही तक्रारी पुन्हा पुन्हा आढळतात. त्यांपैकी सर्वांत जुनी तक्रार मापाची आहे. वेष्टनावर ‘१ टेराबाइट’ असे छापलेले असते आणि संगणकाला जोडल्यावर ९३१ गिगाबाइट दिसतात. उरलेली जागा गेली कोठे, असा ग्राहकाचा रास्त प्रश्न असतो. वस्तुतः जागा कोठेही गेलेली नसते. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतो. त्याच्या लेखी एक टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट. विंडोज ही प्रणाली मात्र १०२४ च्या पटीने मोजते आणि तरीही एककाचे नाव तेच वापरते. हा घोळ दूर करण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये १०२४ च्या पटीतील मापांना ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ अशी निराळी नावे सुचविली. परंतु बाजारात ती रुळली नाहीत. अमेरिकेत या प्रश्नावर ग्राहकांनी सामूहिक दावे लावले आणि वेस्टर्न डिजिटल व सीगेट या कंपन्यांनी अनुक्रमे २००६ व २००७ मध्ये तडजोड केली. आपल्याकडे दशमान वजने-मापे कायद्याने लागू होण्यापूर्वी पायली आणि शेर गावागणिक बदलत असत. एकाच नावाची दोन मापे बाजारात असली की कोणीही खोटे न बोलता ग्राहकाची फसगत झाल्याची भावना निर्माण होते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

दुसरी तक्रार वेगाविषयीची असते. सुरुवातीला फाइली झरझर उतरतात. पुढे मोठा साठा एकदम भरू लागले की वेग कमालीचा मंदावतो. ग्राहक याला ‘खराब माल’ म्हणतो. प्रत्यक्षात अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये कौलांप्रमाणे एकावर एक चढविलेल्या चुंबकीय पट्ट्यांची लेखनपद्धती वापरलेली असते. कौलारू छपरातील मधले कौल बदलायचे तर वरची कौले हलवावी लागतात. तसेच येथे एक पट्टी पुन्हा लिहायची तर शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. या पद्धतीमुळे तेवढ्याच तबकडीवर अधिक मजकूर मावतो आणि किंमत उतरते. ही माहिती वेष्टनावर सहसा नसते, म्हणून ग्राहकाची तक्रार अंशतः योग्यच म्हणावी लागेल.

तिसरी तक्रार जोडणीची. केबलचे चपटे टोक सैल होणे, एका यूएसबी खाचेत डिस्क चालणे व दुसरीत नुसतीच ‘टक-टक’ करणे, हे अनुभव सार्वत्रिक आहेत. येथे मात्र ग्राहकाचे निरीक्षण अनेकदा अचूक असते. या डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा नसतो; मिनिटाला सामान्यतः ५४०० फेरे घेणारी तबकडी केवळ यूएसबीतून येणाऱ्या विजेवर फिरते. खाच वा केबल कमकुवत असेल तर तबकडीला पुरेशी गती मिळत नाही. अशा बाबतीत अनुभवी ग्राहकाचे दोन शब्द वेष्टनावरील दहा ओळींपेक्षा उपयोगी पडतात. तात्पर्य, ग्राहकानुभव हा सरसकट टाकाऊ नाही. प्रश्न आहे तो त्याच्या मर्यादांचा.

२. पहिल्या आठवड्याची समीक्षा

या अभिप्रायांची प्रमुख मर्यादा त्यांच्या काळात आहे. बहुसंख्य अभिप्राय खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत दिले जातात. त्या दिवसांत ग्राहकाला रंग, वजन, वेग आणि पॅकिंग एवढेच कळू शकते. परंतु हार्ड डिस्क ही वर्षानुवर्षे सांभाळण्यासाठी घेतलेली वस्तू आहे. नव्या घराचे वर्णन गृहप्रवेशाच्या दिवशी करावे आणि पहिल्या पावसाळ्याची वाटही पाहू नये, तसा हा प्रकार आहे. कोकणात तरी घराची खरी परीक्षा मृगानंतरच होते.

या मर्यादेचे ठळक उदाहरण म्हणजे बनावट डिस्क. अलीकडच्या काळात अत्यल्प किमतीत ‘१६ टेराबाइट’ क्षमतेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डबींत प्रत्यक्षात साधे मेमरी कार्ड असते. आतील प्रणाली संगणकाला खोटी क्षमता सांगते. खरी जागा भरली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात. फाइलींची नावे दिसत राहतात, आतला मजकूर नाहीसा झालेला असतो. पहिल्या आठवड्यात मात्र सर्व काही व्यवस्थित चालते आणि समाधानी ग्राहक पाच तारे देऊन मोकळा होतो. ज्या मूल्यमापनपद्धतीला अस्सल आणि बनावट वस्तूंतला भेदच कळत नाही, तिच्या निकषांचा फेरविचार करणे क्रमप्राप्त आहे.

दुसरी मर्यादा संख्येची आहे. गूगल कंपनीतील पिनहाइरो, वेबर आणि बारोसो या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कच्या नोंदींवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या वर्षी निकामी होणाऱ्या डिस्कचे प्रमाण १.७ टक्के, तर तीन वर्षे जुन्या डिस्कच्या बाबतीत ते वार्षिक ८.६ टक्क्यांहून अधिक आढळले. निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी महत्त्वाच्या मानल्या जाणाऱ्या चार पूर्वसूचनांपैकी एकही दिली नव्हती. हे निरीक्षण मोठ्या माहितीकेंद्रांतील डिस्कविषयी आहे. खांद्यावरच्या पिशवीतून हिंडणाऱ्या डिस्कला ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. डिस्क निकामी होणे हा अपवाद नसून तिच्या आयुष्याचा अपेक्षित भाग आहे, आणि ती घटना बहुधा पूर्वसूचनेशिवाय घडते.

ग्राहकाच्या अभिप्रायात ही गोष्ट उतरत नाही. शंभर ग्राहकांपैकी दोघांच्या डिस्क बंद पडल्या तर ते दोघे ‘ही कंपनी घेऊ नका’ असे लिहितात आणि उरलेल्यांतील काही ‘माझी तर उत्तम चालते’ असे लिहितात. दोन्ही विधाने प्रामाणिक आहेत आणि दोन्ही निरुपयोगी. कारण महाविद्यालयाचा विभाग शंभर डिस्क विकत घेत नाही, एकच घेतो. सरासरी त्याच्या वाट्याला येत नाही. त्याच्या वाट्याला येते ती डिस्क चालू राहते किंवा बंद पडते एवढेच. तेव्हा ‘कोणती कंपनी चांगली’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरी ‘माझे ध्वनिमुद्रण राहील काय’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

३. वॉरंटीची भाषा

ग्राहकाचा सर्वाधिक विश्वास वॉरंटीवर असतो. ‘तीन वर्षांची वॉरंटी आहे’ हे वाक्य तो ‘तीन वर्षे माझा मजकूर सुरक्षित आहे’ असे वाचतो. वॉरंटीच्या बारीक अक्षरांतील मजकुराचा अर्थ मात्र निराळा असतो. सामान्यतः उत्पादकाची जबाबदारी उपकरण दुरुस्त करून वा बदलून देण्यापुरती मर्यादित असते. त्यात साठविलेला मजकूर गेल्यास भरपाई नाही, हे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. म्हणजे ग्राहक ठेव ठेवण्यासाठी पेटी घेतो आणि विक्रेता हमी देतो ती केवळ पेटीची. ठेव गेली तर नवी, रिकामी पेटी मिळेल.

याहून अवघड पेच पुढे येतो. बदली उपकरण हवे असेल तर बंद पडलेली डिस्क, तिच्यातील मजकुरासह, कंपनीकडे पाठवावी लागते. मजकूर परत मिळविण्यासाठी ती बाहेर कोणाकडून उघडून घेतली तर वॉरंटी संपुष्टात येण्याची शक्यता असते. डिस्कमधून मजकूर मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळांचा खर्च अनेकदा डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट असतो आणि यशाची खात्री नसते. शिवाय काही डिस्कमध्ये मजकूर आपोआप सांकेतिक रूपात साठविला जातो. जोडणीचे सर्किट जळाले तर आतील तबकड्या शाबूत असूनही त्यांचा उलगडा करणे कठीण होते. त्यामुळे ‘मजकूर की वॉरंटी’ अशी निवड ग्राहकाला करावी लागते आणि ही निवड त्याला खरेदीच्या वेळी कोणीही सांगितलेली नसते.

वॉरंटीचा काळ हा वस्तूच्या आयुष्याचा अंदाज असतो, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. २०११ च्या उत्तरार्धात थायलंडमध्ये महापूर आला. हार्ड डिस्कच्या जागतिक उत्पादनात त्या देशाचा मोठा वाटा होता. वेस्टर्न डिजिटलचे तेथील कारखाने पाण्याखाली गेले, सुट्या भागांचा पुरवठा आटला आणि भारतासह सर्वत्र किमती झपाट्याने वाढल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या दोन्ही कंपन्यांनी आपल्या अनेक डिस्कच्या वॉरंटीचा काळ कमी केला. काही प्रकारांत तो तीन वर्षांवरून दोन, तर काहींत एकच वर्ष झाला. डिसेंबरमध्ये बनलेली आणि जानेवारीत बनलेली डिस्क यांच्या धातूत वा तबकडीत काही फरक पडला होता असे मानण्याचे कारण नाही. बदलला तो व्यापारी निर्णय. वॉरंटी हे वस्तूच्या गुणाचे वर्णन नसून विक्रेत्याने पत्करलेल्या जोखमीचे वर्णन आहे, असे यावरून म्हणता येईल.

कायद्याचा आधार येथे अर्थातच आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला तो जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दूरच्या शहरातील असला तरी रत्नागिरीच्या ग्राहकाला रत्नागिरीतच दाद मागता येते. ही सोय मोलाची आहे. सदोष डिस्कची किंमत आणि मनस्तापाची भरपाई त्यातून मिळू शकेल. परंतु एखाद्या वृद्ध स्त्रीच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची किंमत कोणत्या पावतीने सिद्ध करावी? ज्या वस्तूला बाजारभाव नाही, तिच्या हानीची मोजदाद करणे कोणत्याही न्यायपीठाला अवघडच जाणार.

४. कोकणातील ग्राहकाचा अनुभव

प्रचलित अभिप्रायांत ग्राहकाचा प्रदेश दिसत नाही. जणू सर्व डिस्क एकाच वातानुकूलित खोलीत ठेवलेल्या असतात. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात पुस्तकांना बुरशी येते, कपाटाची दारे फुगतात. सर्वसाधारण हार्ड डिस्क ही हवाबंद नसते. तिला हवेचा दाब समतोल राखण्यासाठी गाळणी बसविलेले सूक्ष्म छिद्र असते. धूळ त्यातून आत जात नाही, दमटपणा मात्र सर्वस्वी रोखला जात नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत धातूच्या जोडण्यांवर गंज चढतो, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. भरीस भर म्हणून विजेचे चढउतार आणि मध्येच खंडित होणारा पुरवठा. लेखन चालू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली फाइल आणि कधीकधी संपूर्ण अनुक्रमणिकाच बिघडते.

याहूनही मोठे संकट पुराचे आणि वादळाचे. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड परिसराची मोठी हानी केली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ च्या पुरानंतर पुन्हा एकदा ग्रंथहानी सोसावी लागली. ज्या ग्रंथांच्या प्रती अन्यत्र होत्या, त्या कालांतराने पुन्हा मिळविता आल्या असतील. ज्या नव्हत्या, त्या गेल्या. हार्ड डिस्कचेही असेच आहे. कपाटात ग्रंथाशेजारी ठेवलेली डिस्क ग्रंथाबरोबरच बुडते. संगणक आणि त्याच्या फाइलींची एकमेव ‘राखीव’ प्रत एकाच टेबलावर असेल, तर तिला राखीव म्हणणे धाडसाचे ठरेल.

मराठी ग्राहकाच्या अनुभवाला आणखी एक पदर आहे आणि तो इंग्रजी अभिप्रायांच्या अनुकरणातून लिहिलेल्या अभिप्रायांत येत नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे मराठी लेखन श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. त्यांत देवनागरी अक्षरे बहुधा रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी बसविलेली असत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर फाइल उघडते, पण पानावर दिसतात ती असंबद्ध रोमन अक्षरे आणि चिन्हे. महाविद्यालयांच्या जुन्या नियतकालिकांचे अंक, स्मरणिका, प्रबंधिका यांच्या कितीतरी फाइली या अवस्थेत आहेत. डिस्क चालू आहे, फाइल शाबूत आहे आणि तरीही मजकूर वाचता येत नाही, अशा या स्थितीला ग्राहकाने किती तारे द्यावेत?

५. टिकणे म्हणजे काय?

येथवरच्या विवेचनावरून असे दिसते की ग्राहक, विक्रेता आणि कायदा हे तिघेही ‘डिस्क किती टिकेल’ याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. मराठी ग्रंथपरंपरेने मात्र टिकण्याचा विचार निराळ्या तऱ्हेने केला आहे. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि हिराइसा यांच्या स्मरणातून व अन्य अनुयायांच्या पाठांतून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला. एकनाथांनी १५८४ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’चे शुद्धीकरण केले, ते उपलब्ध प्रती पडताळून. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. या तिन्ही उदाहरणांत कागद वा शाई टिकाऊ होती म्हणून ग्रंथ टिकला असे नाही. तो अनेक हातांत, अनेक गावांत होता, म्हणून टिकला.

संगणकक्षेत्रात हेच तत्त्व ‘तीन-दोन-एक’ या नावाने ओळखले जाते : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य स्थळी. आधुनिक तंत्रज्ञानाने सांगितलेले हे सूत्र आपल्या पोथीपरंपरेला अपरिचित नाही. नकलून घेणे आणि दुसऱ्या मठात प्रत असणे, हे आपल्याकडे शतकानुशतके चालत आले आहे. पोर्टेबल हार्ड डिस्कने मात्र एक विपरीत गोष्ट केली : सर्व काही एकाच ठिकाणी मावू लागले, आणि ‘मावणे’ म्हणजेच ‘सांभाळणे’ असा समज रूढ झाला. क्षमता जितकी वाढली, तितके एका अपघातात गमावण्यासारखेही वाढले. ग्राहकाच्या अभिप्रायात क्षमता हा गुण म्हणून नोंदविला जातो. तिची ही दुसरी बाजू क्वचितच नोंदविली जाते.

समारोप

पोर्टेबल हार्ड डिस्कविषयीचे ग्राहकानुभव मापातील घोळ, मंद वेग आणि सैल केबल यांविषयी पुष्कळ खरे सांगतात. तथापि डिस्क ज्या हेतूने घेतली जाते, त्या जतनाच्या हेतूविषयी त्यांना फारसे सांगता येत नाही. कारण ते फार लवकर लिहिले जातात, एका वस्तूपुरते लिहिले जातात आणि पेटीचे वर्णन करताना ठेवीचा विचार करीत नाहीत. या लेखनाने ‘कोणती डिस्क घ्यावी’ याबरोबरच ‘तीच सामग्री आणखी कोठे ठेवली आहे’ हा प्रश्न विचारू लागणे अगत्याचे आहे. दुसरी प्रत नसेल तर उत्तमातील उत्तम डिस्कही अपुरी आहे आणि दुसरी प्रत असेल तर मध्यम प्रतीची डिस्कही पुरेशी ठरते.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न निकडीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनंतर एम.फिल. ही पदवी बंद झाली. नमन-खेळे, जाखडी, शिमग्याची गाणी, बोलींचे शब्दसंग्रह अशा स्थानिक विषयांवरील अनेक प्रबंधिका आणि त्यांसाठी केलेली ध्वनिमुद्रणे या पदवीच्या निमित्ताने सिद्ध झाली. ती मालिका आता थांबली आहे आणि ध्वनिमुद्रणांत ज्यांचे आवाज आहेत, त्यांतील काही माणसेही आता नाहीत. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात प्रामुख्याने पीएच.डी.चे प्रबंध येतात. या सामग्रीची जबाबदारी तेव्हा विभागांवरच राहते.

त्यासाठी फार मोठा खर्च लागेल असे नाही. विभागातील अशा सामग्रीची यादी करणे, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर घेणे, त्यांतील एक पूररेषेबाहेरच्या गावातील सहयोगी महाविद्यालयात वा ग्रंथालयात ठेवणे, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर दोन्ही उघडून पाहणे आणि जुन्या फॉन्टमधील मजकूर, तो फॉन्ट जाणणारी माणसे आहेत तोवर, युनिकोडमध्ये आणणे एवढे तरी प्रत्येक विभागाला शक्य आहे. १८२८ पासून ग्रंथालयाची परंपरा असलेल्या रत्नागिरीत प्रत सांभाळण्याचे महत्त्व कोणाला नव्याने पटवून देण्याची गरज नसावी. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विभागाने आपले कपाट उघडून त्यातील डिस्कमध्ये काय आहे आणि ते अन्यत्र कोठे आहे, एवढे पाहिले तरी या विवेचनाचा हेतू साध्य होईल.